पायरीवरचा फोटो

आनंदाबाईंनी उन्हाळी वाळवणाच्या सरगुंड्यांची कणीक काडीला गुंडाळली, अलगद सरकवून सुपात टाकली, तेवढ्यात सून मोहिनी मोबाइल घेऊन ओसरीवर आली. पडद्यावर आनंदाबाईंचाच फोटो होता. वडनेरच्या शाळेतलं मतदान केंद्र, पायरी चढणाऱ्या त्या, आणि त्यांचं कोपर घट्ट धरलेला मुलगा कैलास.

“परदेशातल्या पेपरात आला, आई,” मोहिनी म्हणाली. “खाली लिहलं आहे, म्हाताऱ्या बायकायले ओढून नेऊन मत द्याले लावलं.”

“मले ओढून नेलं?” आनंदाबाईंचा हात थांबला. “मी काय बाजारातली गाय आहो?”

गोष्ट तेवढ्यावर भागली नाही. निकालानंतर बऱ्याच देशांनी अभिनंदन केलं होतं. एका देशाने मात्र याच फोटोचा दाखला देऊन निवडणुकीबद्दल ‘चिंता’ व्यक्त केली. दिल्लीने त्यांच्या राजदूताला बोलावून खडसावलं. त्यावर त्या देशाने व्यापाराची बोलणी लांबणीवर टाकली. हिंगणघाटला सुताचा सौदा करायला येणारी तिकडची माणसं आलीच नाहीत, आणि कैलास जिथे कामाला होता त्या सूतगिरणीत रात्रपाळी बंद झाली. वर कैलास जिंकलेल्या पक्षाचा गावातला कार्यकर्ता. तो पारावर आला की बोलणी थांबत.

दोन दिवसांनी तो नागपूरच्या एका वाहिनीच्या वार्ताहराला, निशांतला, घेऊनच घरी आला.

“माय, टीव्हीवर सांगायचं आहे,” तो म्हणाला. “कोनी जबरदस्ती केली नाई म्हन. अन् मत खुशीनं आमच्या पार्टीले देलं म्हन. बस.”

आनंदाबाईंनी हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि बाजेवर बसल्या. समोर कॅमेरा उभा राहिला. निशांतने तो फोटो पुन्हा त्यांच्यापुढे धरला. त्या तो बराच वेळ पाहत राहिल्या. पेपरवाल्यांना कोपरावरचा हात दिसला होता. कानाशी लागलेलं तोंड कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

“आजी, जगाला ठणकावून सांगा. तुम्हाला कोणी ओढून नेलं का?”

“नाई. कोनाची हिंमत आहे?” त्यांचा आवाज खणखणीत होता. “दिसत नाई मले नीट. पायरी उंच होती म्हनून पोरानं हात धरला.”

कैलासने सुटकेचा श्वास सोडला.

“अन् कानात सांगतलं, कोनतं बटन दाबायचं ते.”

निशांत गडबडला. “आजी, हे राहू द्या. ओढून नेलं नाही, एवढंच बोला.”

“एवढंच बोलली तं आर्धंच होईन. त्यायनंबी आर्धाच फोटो पाह्यला, तुमीबी आर्धंच दाखवता.” त्या कॅमेऱ्याकडे वळल्या. “ऐका हो तिकडचे साहेब. हात उंबऱ्यापर्यंत होता. कानात बोलनंबी उंबऱ्यापर्यंतच. आत मी एकटी गेलती. तिथं ना तुमी होते, ना दिल्ली होती, ना माहा पोरगा होता. मले बिचारी म्हनू नका.”

 मग निशांतने, सवयीने असेल, विचारलं, “मग मत कोणाला दिलं?”

“तुमाले काऊन सांगू? माह्या नवऱ्याले कधी सांगतलं नाई मी. जिंदगीभर विचारून राह्यला तो.”

निशांतला हसू आवरलं नाही. कॅमेरा बंद करून, यातलं काय दाखवता येईल ते बघतो, असं पुटपुटत तो निघाला. कैलास त्याला फाटकापर्यंत सोडायलाही गेला नाही.

“तमाशा केला तू, माय,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “लोक काय म्हनतीन?” आणि मग, आणखी हळू, “सांगतलं ते तं दाबलं ना?”

आनंदाबाईंनी सूप पुढे ओढलं आणि काडी हातात घेतली. 

कैलास दाराकडे वळला. मतदानाच्या दिवशी त्याने आईच्या आधी बायकोलाही त्याच पायरीवर नेऊन तेच बटण सांगितलं होतं. मोहिनी चौकटीला टेकून उभी होती.

“तू तं...” तो म्हणाला, आणि वाक्य तसंच राहिलं.

 मोहिनीने नजर खाली घातली नाही.