डावीकडचे बाक

लातूरच्या एका क्लासमध्ये श्रीमंत सर भौतिकशास्त्र शिकवत. बॅच दीडशे मुलांची. डावीकडं बसलं की शंका आपली आपणच सोडवायची, असा मुलांचा विनोद होता, कारण तिकडून कितीही हात वर झाले तरी सर लक्ष देत नसत. २०१८च्या जूनमध्ये विनोदाची लेखी तक्रार झाली आणि संचालकांनी सरांना डोळे तपासून यायला सांगितलं.

सरांना ते लागलं. दर दोन वर्षांनी ते चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेत. तीच तपासणी, असा त्यांचा समज होता.

डॉक्टरबाईंनी डोळ्यांतला दाब मोजला. मग पडद्यावर ठिपका दिसला की बटण दाबायला सांगितलं. डाव्या बाजूचे ठिपके सरांना दिसलेच नाहीत. काचबिंदू. दुखत नाही, समोरचं स्पष्ट दिसत राहतं, म्हणून कळत नाही. गेलेली नजर परत येणार नव्हती.

घरात कुणाला होता का, असं बाईंनी विचारलं. सर नाही म्हणाले. आईला दिसत नाही, पण ते भूकंपामुळं.

गावातही सगळे हेच सांगत. त्र्याण्णव सालच्या भूकंपात निलंग्याजवळच्या त्यांच्या गावात सरांच्या आईला, शरणम्मांना, ढिगाऱ्याखालून काढलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत माती भरली होती. पुढच्या सहा वर्षांत नजर गेली. कारण माहीतच होतं, त्यामुळं डॉक्टरांकडं कुणी नेलं नाही.

बाईंच्या सांगण्यावरून दुसऱ्या दिवशी सरांनी आईला आणलं. सोबत सरांची बारावीतली मुलगी देविका होती. शरणम्मांना तपासून बाई म्हणाल्या, हाही काचबिंदूच. मातीचा संबंध नाही. तेव्हाच कळलं असतं तर मुलाला दरवर्षी डोळे तपासायला सांगितलं असतं.

शरणम्मांनी मुलाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"म्हंजे माझ्याकडून गेलं व्हय ह्याच्यात?"

"अव्वा, तुझा काय दोष त्यात?" सर आईला म्हणाले.

"पंचवीस वर्सं भूकंपाला शिव्या घातल्या," त्या म्हणाल्या. "तेच बरं होतं."

बाईंनी देविकाला यंत्रासमोर बसवलं. तिनं हनुवटी टेकवली. बाईंनी दाब मोजला, पण आकडा लिहिला नाही. पुन्हा मोजला.

"किती हाय?" शरणम्मांनी विचारलं.

बाईंनी तिसऱ्यांदा मोजायला घेतला.