खाजाच्या टेम्पोतली पुढची जागा

खाजाच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी एकच माणूस बसू शकत असे. जागा तशी दोघांची होती, पण निम्म्या जागेत जास्तीची बॅटरी, जॅक आणि त्याच्या बायकोनं, रोशनबीनं, भरून दिलेला डबा असे. आणि तो डबा हलवायची कुणाची टाप नव्हती. बाकीच्यांनी मागे आपापल्या मालावर बसायचं. सहादू कोबीच्या गोण्यांवर, नवसाबाई झेंडूच्या गठुड्याला टेकून. गिरणारे गावाच्या अलीकडच्या वस्तीवरून पहाटे पाचला निघालेला टेम्पो शहराच्या गंगापूर रोडला लागेपर्यंत मागच्या माणसाला आपल्या अंगात हाडं किती आहेत ते न मोजता कळत असे.

पुढच्या जागेचा कायदा कारगिलच्या वर्षी झाला. त्या साली खाजाला पहाटे स्टिअरिंगवरच डुलकी लागली आणि टेम्पो द्राक्षबागेच्या कुंपणात जाऊन थांबला. कुणाला खरचटलंही नाही, पण खाजा घाबरला. त्यानं जाहीर केलं, "आजपासून जो मला जागं ठिवंल, तो पुढं बसंल. बातम्या सांगायच्या. पण नुसत्या नाय. दुनियेची बातमी आपल्या माणसांना लागली पाहिजे. नायतर मला झोप येती."

दुनियेचं टोक वस्तीला बांधण्यात सावळीरामचा हात धरणारा कोणी नव्हता. तो मेथी-कोथिंबीर पिकवायचा. बाजारातून परतताना पेपर विकत घ्यायचा, दुपारी चष्मा लावून पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे खाजाला ऐकवायचा. कुठल्याही देशाचा मेथीच्या जुडीशी तो असा बादरायण संबंध जोडी की ऐकणाऱ्याला वाटावं, हे राष्ट्र कोथिंबिरीवरच उभं आहे. दोन हजार साल लागताना त्यानं सांगितलं की जगातले सगळे कंप्युटर एकदम वेडे होणार, बँका गोंधळणार आणि नोटांना कुत्रं विचारणार नाही. वस्तीनं ऐकलं. एक जानेवारीला सहादूनं सगळा कोबी फक्त चिल्लरीवर विकला आणि दोन्ही हातांनी विजार सावरत घरी आला. नोटा चालूच होत्या. सावळीराम मात्र चुकला नव्हता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे कंप्युटरांनी ऐन वेळी माघार घेतली. तेव्हापासून खाजानं कायद्यात भर घातली, की बातमी कुणाला लागली त्याचं नाव आणि पत्ता सांगायचा.

नऊ वर्षांत सहादूला ती जागा एकदाच मिळाली. इराकवर बॉम्ब पडत होते आणि सावळीराम तापानं घरी पडला होता. सहादू म्हणाला, तिकडं लढाई, म्हणून इकडं डिझेल महाग, आणि ते लागणार खाजाला. खाजानं त्याला मानानं पुढं बसवलं आणि उतरताना सगळ्यांचं भाडं दोन रुपयांनी वाढवलं. त्यानंतर सहादूनं बातम्यांचा नाद सोडला.

राहिली नवसाबाई. साठी ओलांडलेली, गुडघे कामातून गेलेले, पण नाकावर माशी बसू न देणारी. "मावशी, तुम्ही बसा पुढं," असं खाजा चारदा म्हणाला होता. "दयेची जागा तुझ्या कोंबड्यांना दे," ती म्हणाली होती. "मी बसंन तर बातमी सांगून बसंन." खरं तर गुडघ्यांपेक्षा तिला सावळीरामचं एक वाक्य जास्त ठणकत होतं. केबिनच्या मागच्या खिडकीतून तोंड काढून तो एकदा म्हणाला होता, "नवसाबाई, दुनिया लय मोठी हाय. ती झेंडूत मावत नाय."

नवव्या वर्षी, पावसाळ्यात तिनं नात रूपालीकडून पेपर वाचून घेतला आणि पहाटे टेम्पोत ठासून सांगितलं, "चीनमधी खेळ भरलेत. जिंकंल त्याच्या गळ्यात हार पडणार. म्हंजी झेंडू तेजीत जाणार. लागली कुणाला? नवसाबाईला. पत्ता ह्योच."

खाजानं ब्रेकवर पाय ठेवला. जागा मिळाल्यातच जमा होती. तेवढ्यात सावळीराम शांतपणे म्हणाला, "तिथं गळ्यात पदक घालत्यात. हार नाय घालत." टेम्पो हसत हसत शहरात शिरला, आणि नवसाबाई झेंडूच्या गठुड्याला पाठ लावून चीनला शिव्या देत राहिली.

दिवाळी झाली आणि आठवड्यातच ती गोष्ट घडली. गंगापूर रोडला उतरून नवसाबाई बंगल्या-बंगल्यांत फुलपुड्या टाकायची. त्यातल्या मंजुषाताई म्हणजे अकरा वर्षांचं गिऱ्हाईक. रोज एक पुडी आणि देवाला हातभर हार. नवरा गेलेला, मुलगा राज अमेरिकेत. त्या दिवशी फाटकाशी येऊन त्या म्हणाल्या, "नवसाबाई, उद्यापासून हार नको. नुसती पुडी दे."

"का वो ताई? गुंफण बिघडली का माझी?"

मंजुषाताईंनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि आवाज खाली आणला. "राजची नोकरी गेली गं. त्याची कंपनीच बुडाली. तिकडे मंदी आलीय ना. आता मला जरा हात आखडायला हवा. पण कुणाला बोलू नकोस हं. कॉलनीत मी सांगून बसलेय की त्याला बढती मिळालीय. ठेव बघू फुलांवर हात."

नवसाबाईनं पाटीतल्या झेंडूवर हात ठेवला. तिला मनापासून वाईट वाटलं. राजला तिनं शाळेच्या दप्तरासकट पाहिलं होतं. चार घरं पुढे जाईपर्यंत ती हळहळतच होती, आणि पाचव्या घराशी ती थबकली. अमेरिकेत कंपनी बुडाली आणि हार बंद झाला तिचा! नाव होतं, पत्ता होता, बंगल्याचा नंबरसुद्धा होता. अशी बातमी सावळीरामला नऊ वर्षांत मिळाली नव्हती. आणि ती सांगायची सोय नव्हती. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही तिच्याच तोंडात देवानं हा भोपळा ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे सावळीराम केबिनमध्ये बसून नेमकं तेच बोलला. "अमेरिकेत मंदी आलीय म्हणत्यात. पण आपल्याला काय लागत नाय. मधी येवढा समुद्र हाय. दिवाळीला सराफ बाजारात पाय ठिवायला जागा नव्हती."

"लागती!" नवसाबाईच्या तोंडून निघून गेलं.

"कुणाला लागली, मावशी?" खाजानं विचारलं.

"हाय एक जण."

"नाव?"

नवसाबाईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. "नाव नाय सांगत."

"मंग बातमी बाद," सावळीराम म्हणाला, आणि त्याच वेळी रस्त्यातल्या मोरीजवळचा रोजचा मोठा खड्डा आला. नवसाबाई गठुड्यावरून उडाली ती थेट गुडघ्यावर आपटली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. निम्मं दुखल्याचं होतं, निम्मं रागाचं.

तशीच लंगडत ती मंजुषाताईंच्या फाटकाशी गेली आणि पुडीबरोबर हार पुढे केला. "घ्या. उरलाय."

"इतका ताजा उरला? आणि लंगडतेस का?"

नवसाबाई पायरीवर टेकली आणि तिनं सगळं सांगितलं. टेम्पो, पुढची जागा, सावळीराम, चीनमधले खेळ, मोरीजवळचा खड्डा.

"म्हणजे तू माझं नाव घेतलं असतंस तर पुढे बसली असतीस?"

"पाय पसरून."

"आणि घेतलं नाहीस."

"फुलांवर हात ठिवला व्हता ना, ताई."

मंजुषाताई हसायलाच लागल्या. इतक्या, की पदरानं डोळे पुसावे लागले. "सांग बाई उद्या. नाव सांग, नंबर सांग. लोक माझ्याकडे बढतीचे पेढे मागतात गं! मी तरी किती दिवस तोंड लपवू?" मग हार हातात घेऊन म्हणाल्या, "पण हा आता नको आणूस."

"ते माझ्या हातात नाय," नवसाबाई उठत म्हणाली. "राजला काम लागंपर्यंत हार उरतच जाणार."

दुसऱ्या दिवशी नवसाबाई केबिनच्या दाराची कडी धरून उभी राहिली. "अमेरिकेत मंदी आली," ती म्हणाली. "राजची नोकरी गेली. म्हणून गंगापूर रोडला मंजुषाताईंचा हार बंद झाला. त्यो हार माझा. बंगला नंबर बारा. जाऊन इचारा."

सहादूच्या तोंडचा तंबाखू तोंडातच राहिला. खाजानं दार उघडलं. सावळीराम मात्र हार जाणारा गडी नव्हता. "थांब, खाजा. काल उतरताना हिच्या हातात हार व्हता. म्या सोता पाह्यला. नवसाबाई, खरं सांगा, त्यो हार कुठं गेला?"

नवसाबाईला खोटं बोलता आलं असतं. "ताईंच्या देवाला," ती म्हणाली.

"पैशे?"

"नाय घेत."

"मंग हार चालूच हाय! मंदी लागली कुठं? बातमी बाद," असं म्हणत सावळीरामनं एक पाय वर टाकलासुद्धा. कायद्यानं तो बरोबर होता. नवसाबाई कडी सोडून मागं वळली.

खाजानं दाढी खाजवली. "पाय खाली घ्या, सावळीरामभाऊ," तो म्हणाला. "मंदी अमेरिकेतनं निघाली. तुमचा समुद्र वलांडून गंगापूर रोडला आली. तिथनं झेंडूपर्यंत आली, न् मावशीनं तिला झेंडूतच अडवली. ह्याच्याहून मोठी बातमी तुमच्या पेपरात कधी आली का?"

सावळीरामनं वर टाकलेला पाय खाली घेतला. तेवढ्यात खाजानं रोशनबीचा डबा उचलून काचेपाशी ठेवला आणि म्हणाला, "मावशी, पाय पसरा."

नवसाबाईनं पाय पसरले. सावळीराम मागे चढला आणि सहादूशेजारी कोबीच्या गोणीवर पेपर अंथरून बसला. टेम्पो मोरीपाशी आला. सावळीराम पेपरासकट वर उडाला आणि पेपराशिवाय खाली आला.

"आई गं! अरे सहादू," तो कंबर धरून ओरडला, "ह्यो खड्डा कधी पडला?"

सहादूनं त्याच्यासाठी एक गोणी सरकवली. "कारगिलच्या आधीचा हाय, भाऊ."