एकोणतीस प्रोटॉन आणि कोंबडीचा पेटा

तांब्याच्या खाणीच्या मुफुलिरा गावात कुणाच्याही घरी सोयरीक जुळो, कोंबडीचा पेटा जायचा तो कसोंडेच्याच ताटात. पेटा, म्हणजे खड्यांनी दाणे दळणारं कोंबडीचं जठर, हा खरं तर घरच्या थोरल्याचा मान. पण लग्नघरी बेंबा जमातीनं न्गोनी जमातीला आणि न्गोनींनी बेंबांना मनसोक्त टाकून बोलायचं, रागावेल किंवा गप्प बसेल तो हरला, अशी तिथली रीत, आणि त्या कामी बेंबांच्या कसोंडेला जोड नव्हती. तीस वर्षांत त्यानं इतके पेटे खाल्ले की म्हाताऱ्याच्या पोटात खडे दळल्याचा आवाज तीन घरं पलीकडे ऐकू यायचा. खोटं वाटेल त्यानं तिसऱ्या घरी विचारावं.

परवा मात्र मागणी आली ती त्याच्याच नातीला, म्वापेला. पाहुणे न्गोनी, तेही काब्वेचे, जस्ताच्या खाणीच्या गावचे. नवऱ्या मुलाचा काका जेरे शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. डोक्यावरून कापड ओढून म्वापे चटईवर बसली होती. नवरीनं अवाक्षर बोलायचं नाही. मक्याच्या पिठाची घट्ट न्शिमा वाफाळत होती, मधोमध पेट्याची वाटी.

"कसोंडेबाबा," जेरेनं सुरुवात केली, "तुमचं तांबं कितव्या नंबरचं?"

"एक नंबरचं! हे काय विचारणं झालं?"

"एकोणतिसाव्या. त्याच्या अणूच्या पोटात एकोणतीस प्रोटॉन. आमच्या जस्ताच्या पोटात तीस. तुम्हा माकडखाऊ बेंबांना देवानं एक कमीच दिला बघा!"

पाहुणे खदखदले. कसोंडेनं वाटीकडे पाहिलं. पस्तीस वर्षं तो तांब्याच्या भट्टीवर होता, पण प्रोटॉनशी कधी बोलणं झालं नव्हतं.

"एकच ना?" तो गुरकावला. "उद्या भट्टीवर जातो आणि आणखी एक आत ढकलतो. झाले तीस!"

कापडाखाली म्वापेचं डोकं जोरजोरात नाही-नाही हललं. ती भट्टीच्याच प्रयोगशाळेत तांबं तपासायची; तिला सगळं ठाऊक होतं. पण उशीर झाला होता.

"ढकला की!" जेरेनं मांडीवर थाप मारली. "एक वाढला की ते तांबं राहतच नाही, त्याचं जस्त होतं. नातीच्या मागोमाग तुम्हीही या आम्हा उंदीरखाऊंच्या घरी नांदायला!"

बायकांनी पातेली बडवली. कसोंडेचं पितळ उघडं पडलं. जेरेच्या बहिणीनं वाटी हळूच भावाकडे सरकवली.

म्हातारा आपल्या भाजलेल्या हातांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाई, वाटीवरचा हात काढ. मास्तर, तांबं वितळवलं तर प्रोटॉन किती?"

"एकोणतीस."

"ठोकून पत्रा केला? ओढून तार काढली?"

"एकोणतीसच." मास्तर सवयीनं उत्तरं देत गेला.

"वाटलंच मला. पस्तीस वर्षं भाजलं, पण त्यानं जात सोडली नाही. आता तुमच्या जस्ताचं ऐका. एकदा तेही टाकलं होतं आमच्या भट्टीत. तांबं अजून नुसतं आळस देत होतं, तेवढ्यात तुमचं जस्त उकळून, पांढरा धूर होऊन धुराड्यातून पसार! तीसच्या तीस प्रोटॉन घेऊन पळालं, मास्तर. एकही चहाला थांबला नाही!"

आता पातेली दुप्पट वाजली. "अहो, पण उकळण्याचं तापमान…" जेरे म्हणायला लागला, तर त्याचा पुतण्याच पोट धरून हसत होता.

कसोंडे ताठ झाला. "देवानं कमी नाही दिला. मोजून दिलेत. एक काढला तरी ते तांबं नाही, एक घातला तरी नाही. पोर तुमच्याकडे येईल, पण ती म्वापेच राहील. कबूल?"

"कबूल," म्हणत जेरेनं स्वतःच्या हातानं वाटी पुढे केली.

म्हाताऱ्यानं पेटा उचलला आणि नातीच्या कापडाखाली सरकवला. म्वापेच्या आत्याबाई ओरडल्या, "अहो, बायका खात नाहीत तो!"

"हिची सही झाल्याशिवाय मुफुलिराचं तांबं फाटकाबाहेर पडत नाही. या घरात थोरली तीच."

कापडाखालून कुरुम कुरुम आवाज येऊ लागला. नवरीनं बोलायचं नाही अशी रीत होती. चावायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं.