तिसरं टुंग

गुंडूरावांनी कुकरची शिट्टी काढून सदऱ्याच्या खिशात टाकली, दाराच्या बेलवर जुना टॉवेल गुंडाळला आणि रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. राजाजीनगरच्या त्या गल्लीत सोप्पूच्या, पालेभाजीच्या, जुड्या विकणारी बाई असा गळा काढायची की मेलेला उठून बसावा.

"मामा, मिक्सरचा प्लग काढला?" त्यांच्या सुनेनं, अंजलीनं, कुजबुजत विचारलं.

"काढला. फ्रिजचाही काढू का? मधूनच गुरगुरतो मेला."

"नको. दूध नासेल."

मधल्या खोलीत मेघाश्री टॅबसमोर बसली होती. दहावी झालेली, एकुलती एक नात. पी.यू. कॉलेजची, म्हणजे अकरावी-बारावीची, ही प्रवेश परीक्षा घरी बसूनच द्यायची होती. वरच्या नंबरात आली तर सायन्स, आणि दोन्ही वर्षं फी माफ. नाही आली तर जवळचं कॉमर्स घ्यायचं आणि बापाबरोबर चिकपेटच्या दुकानात बसायचं. दुकानात तरी आता काय उरलं होतं? गिऱ्हाईक साडी मोबाइलवर बघायचं, मोबाइलवरच मागवायचं. आणि पोरीला तर विमानांची इंजिनं शिकायची होती.

टॅब कॉलेजनंच पाठवला होता. त्याला डोळा होता, कानही होते. नजर बाजूला गेली, ओठ हलले, कुठून दुसरा आवाज आला, की टुंग. तिसऱ्या टुंगला पेपर बंद. मग रडा नाही तर पाया पडा. पूर्वी वर्गात मास्तर फिरायचे, त्यांना निदान दया तरी यायची, असं गुंडूराव सकाळपासून म्हणत होते.

त्यांच्या धास्तीला कारण होतं. मेघाश्रीला पाढे त्यांनीच शिकवले होते. साधे नव्हेत, पावकी, निमकी, साडेतीनची औटकीसुद्धा. दुकानात कापड फाडता फाडता त्यांच्या तोंडात बसलेले. पाढा डोक्यात नसतो गं, जिभेवर असतो, असं म्हणत ते तिला पुटपुटायला लावायचे, आणि पोरगी तशीच तयार झाली. ओठ हलल्याशिवाय तिचं गणित पुढे सरकायचं नाही. सरावाच्या पेपरात टॅबनं तिला नेमकं तिथंच पकडलं. तेव्हापासून बिचारी तोंडात पाण्याचा घोट धरून गणितं करत होती.

"तुमच्या पाढ्यांनी पोरीचा घात होणार, मामा," अंजली एकदा बोलून गेली होती. लगेच जीभ चावली तिनं, पण गुंडूरावांना रात्रभर झोप लागली नव्हती.

पेपर सुरू झाला. गुंडूराव बंद दाराला पाठ लावून जमिनीवरच बसले. आत कोण जाणार होतं? कोणीच नाही. तरी जिवाला चैन पडेना. अंजली समोर स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती, ताटाचाही आवाज न करता. गणिताचा भाग पहिलाच आहे, एवढं त्यांना ठाऊक होतं. मदत तर करता येत नाही, निदान सोबत करावी, म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात पाढा धरला.

टुंग.

गुंडूरावांचं धाबं दणाणलं. हलले! ओठ हलले पोरीचे! अगं, मीट तोंड, मीट. अंजलीचा हात ताटात तसाच थांबला होता. त्यांनी तिला हातानंच धीर धर म्हणून खुणावलं आणि डोळे आणखी घट्ट मिटले. औटकी सुरू केली. बे औटी सात, तीन औटी साडेदहा. जीव जरा थाऱ्यावर येतोय असं वाटलं.

टुंग.

अंजली धावली. दाराकडे नव्हे, त्यांच्याकडे. समोर गुडघे टेकून तिनं सासऱ्यांच्या तोंडावर तळहात दाबून धरला. लग्न होऊन आल्यापासून सुनेनं त्यांना असा हात कधी लावला नव्हता. गुंडूराव रागावणारच होते, एवढ्यात तिच्या तळव्याखाली त्यांना आपले ओठ जाणवले. ते हलत होते. पाच औटी साडेसतरा.

अंजलीनं हात काढला नाही. त्यांनी उलट तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि दाबून धरला. पेपर संपेपर्यंत दोघं तशीच बसून राहिली. म्हाताऱ्याचे डोळे वाहत होते, आणि नाक ओढायचीही भीती वाटत होती.

दार उघडलं. मेघाश्रीचा चेहरा पांढरा पडला होता.

"कसा गेला गं?" अंजलीनं विचारलं.

"सगळा सोडवला. दोनदा टुंग झालं. ओठ हलले माझे."

"तुझे नाही गं, बाळा," गुंडूराव म्हणाले. "मीच करंटा..."

"माहीत आहे, अज्जा." ती त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. "दारातून ऐकू येत होतं. तुम्हाला लागू नये म्हणून तसं म्हटलं. शेवटी टॅबनं विचारलं, घरात आणखी कोणी आहे का?"

"मग?"

"कोणी नाही म्हटलं."

"खोटं बोललीस?"

"आहे म्हटलं असतं तर उत्तरं तुम्ही सांगितलीत असं धरलं असतं त्यांनी. आता कॉलेजवाले व्हिडिओवर येतील. घर फिरून दाखवायला लावतात."

तिचं बोलणं पुरतं संपलं नाही तोच खोलीत टॅब वाजू लागला. अंजली उठली आणि मागच्या दारानं गच्चीवर गेली. गुंडूरावांनी खुंटीवरची टोपी काढली. टेबलावरचा चष्मा आणि गोळ्यांची पट्टी उचलली, आपलं आरामखुर्चीवरचं पांघरूण घडी करून कपाटात कोंबलं. मेघाश्री बघत उभी होती. तिला काही बोलायचं होतं, पण त्यांनी तिला खोलीकडे ढकललं. मग चपला हातात घेऊन ते अनवाणीच जिना उतरले.

खाली भीमाचार्य, तळमजल्यावरचे भाडेकरू, स्कूटर पुशीत होते.

"एनु, काय हो गुंडूराव!" ते मोठ्यांदा म्हणाले. "चपला हातात? वर कोणी नाही काय?"

गुंडूरावांनी वरच्या खिडकीकडे पाहिलं.

"हळू बोला, आचार्य," ते म्हणाले. "घरात कोणी नाही."