पाय काढा, बाई

समुद्रपूरच्या कोकिळाबाईंनी सकाळी देवाजवळ दिवा लावला, म्हशीपुढे वैरण टाकली आणि पलंगावर बसून पाय चढवला. उजवा, गुडघ्याखालचा. कापसाच्या ट्रॅक्टरखाली खरा पाय गेला त्याला पुष्कळ वर्षं झाली. या कृत्रिम पायावर त्या शेतात निंदणाला जातात, बाजार करतात, एसटीत चढतात. आज मात्र विमानात चढायचं होतं. बंगळुरूला लेक अंकिता दवाखान्यात भरती होती, दुपारी तिचं सिझेरियन होतं आणि तिनं फोनवर सांगितलं होतं, "आई, तू आल्याबिगर मले भेव वाटते."

विमानतळावर मुलगा रजत सोबत होता. तपासणीच्या चौकटीतून कोकिळाबाई गेल्या आणि घंटी वाजली.

"माताजी, पाय काढा. मशीनमध्ये टाकावा लागेल," तपासणीवाली म्हणाली.

"पडद्याआड नेता का मले?"

"ती खोली बंद आहे. इथंच काढा."

साऱ्या रांगेसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून साठीच्या बाईनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. पाय ट्रेमध्ये गेला, लोकांच्या बूट-पट्ट्यांसोबत.

"लवकर कर वं आई, लोकं पाहून राह्यले," रजतला एवढंच सुचलं.

मागची एक शिकलेली बाई शेजारणीला म्हणाली, "सुरक्षेसाठी एवढं सहन करायलाच हवं." सहन कोणी करायचं, ते काही तिनं सांगितलं नाही.

तेवढ्यात सदाशिवराव आले. मोठ्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. अधिकाऱ्यानं "या साहेब" म्हणत हात जोडले आणि साहेबांची बॅग मशीनच्या बाजूनंच पलीकडे गेली. कुणाला काही खटकलं नाही. कसं खटकणार? आपल्याकडे मोठ्या माणसाला तपासणं म्हणजे त्याचा अपमान आणि गरिबाला न तपासणं म्हणजे हलगर्जीपणा. या रिवाजाला आपण बिनदिक्कत सुरक्षा म्हणतो, याचाच खरा संताप येतो.

पाय चढवून कोकिळाबाई आतल्या बाकावर येऊन बसल्या. समोरच सदाशिवराव होते. त्यांनी बॅगेतून अडकित्ता काढला आणि निवांत सुपारी कातरायला लागले. चांगलं धारदार पातं होतं.

"रजत, माहा पाय तपासला, मंग हे काय होय?"

"गप्प राह्य ना आई. विमान सुटन. ताई वाट पाहून राह्यली."

"अरे, आपणच बसणार ना त्या विमानात?"

त्या उठल्या आणि अधिकाऱ्याकडे जाऊन सारं सांगितलं. अधिकाऱ्याचा चेहरा उतरला. त्यानं अडकित्ता ठेवून घेतला, सदाशिवरावांची हात जोडून माफी मागितली आणि घाम पुसत म्हणाला, "आता सगळ्यांची पुन्हा तपासणी करावी लागेल." सुरुवात त्यानं केली ती कोकिळाबाईंपासून.

"बाई, पाय काढा."

"आता नाई काढत. पयले सायबाची बॅग उघडा. मंग मले खोलीत न्या, तिथं काढीन."

"विमान सुटेल तुमचं."

"सुटू द्या."

रजत हातापाया पडला. तेवढ्यात अंकिताचा फोन आला. "आई, दुपारी मले आत नेतीन. कुठं हायेस तू?"

कोकिळाबाई म्हणाल्या, "जाय बाई आत. मले उशीर होईन."

"काऊन वं?"

कोकिळाबाईंनी फोन रजतच्या हाती दिला आणि पदरानं डोळे पुसले. पण पाय काढायला खुर्चीवर काही बसल्या नाहीत.

विमानाची घोषणा झाली. ती शिकलेली बाई त्यांच्याजवळून गेली, मान दुसरीकडे करून. वाचकहो, शे-दीडशे माणसं त्या रांगेत होती. 'आधी साहेबांची बॅग उघडा' एवढं एकानं जरी म्हटलं असतं, तरी त्या माऊलीला लेकीजवळ जाता आलं असतं. तुम्ही म्हणाला असता का?

सदाशिवरावांची बॅग शेवटपर्यंत कुणी उघडली नाही. ती घेऊन विमान उडालं आणि आत बसलेल्या प्रत्येकाला वाटत होतं, की तपासणी अगदी चोख झाली आहे.