बाबांचे दोनशे दहा

मेळाव्याच्या सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा ती जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिका तपासत बसली होती.

"ताई, यंदा गाडी तुम्ही आणा. बाबांची आठवण म्हणून," ते म्हणाले. "तक्ता आमच्याकडे तयार आहे. वेगाची ओळ तेवढी भरायची राहिली आहे. आणि तो हिशेब तर तुमचाच! एकशे एक्याऐंशी, बरोबर ना?"

ते हसले. त्या हसण्यात वाकडं काही नव्हतं, पण तिला फोन कानापासून लांब धरावासा वाटला.

बाबा जन्मभर मेकॅनिक होते. लोकांच्या गाड्या दुरुस्त करून उरलेल्या वेळात त्यांनी स्वतःची एक गाडी उभी केली. दोन माणसं बसतील एवढी जुनी स्पोर्ट्स कार, भंगारात निघालेली. अकरा वर्षं ती गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागून उभी होती आणि बाबा तिच्याखाली आडवे होते. आई तिला 'माझी सवत' म्हणायची. "सवत आज काय म्हणते? खोकते अजून?" असं जेवताना विचारायची, आणि बाबा खरोखरच तिच्या खोकल्याची तपशीलवार हकिकत सांगत.

अशा गाड्या ज्यांनी आपल्या हातांनी बदलल्या त्यांचा वर्षातून एकदा मेळावा भरे. तिथली रीत ठरलेली होती. मालकाने गाडीशेजारी उभं राहून आपला तक्ता मोठ्याने वाचायचा. शेवटची ओळ 'अंदाजे कमाल वेग'. तेवढ्या वेगाने गाडी कोणीच पळवत नसे, तसा रस्ता नव्हता आणि तेवढा मूर्खपणाही कोणाच्या अंगात नव्हता. म्हणून सगळी मजा त्या 'अंदाजे'मध्ये. मालकाने आकडा वाचला की गर्दीतून हमखास ओरड व्हायची, "कुठून काढला?" आणि मग मालकाने तो सिद्ध करायचा, नाहीतर हसं करून घ्यायचं.

चार वर्षांपूर्वी बाबांनी वाचलं, "दोनशे दहा."

"कुठून काढला?"

"इंजिन सांगतं की," बाबा म्हणाले. "ऐकणारा पाहिजे."

ती समोरच उभी होती. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची आणि त्या दिवशी तिच्या दोन विद्यार्थिनीही हौसेने आल्या होत्या. 'इंजिन सांगतं' हे ऐकून त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तेवढं पुरलं. ती पुढे झाली आणि मेळाव्याच्या पत्रकामागे भराभर आकडे लिहून मोठ्याने समजावू लागली. इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या वर गेलं तर त्याचे तुकडे होतील. शेवटच्या गिअरमध्ये त्या फेऱ्या जशाच्या तशा मागच्या आसापर्यंत जातात. तिथल्या दात्यांमुळे इंजिनच्या चार पूर्णांक तीन फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते. चाकाच्या एका फेरीत गाडी एक मीटर पंच्याऐंशी सेंटीमीटर पुढे सरकते. गुणाकार करा. ताशी एकशे एक्याऐंशी.

"बाबा," ती म्हणाली होती, "कड्यावरून ढकललीत तरच ही दोनशे दहा जाईल."

मैदान हसून लोटपोट झालं. बाबा सगळ्यांत शेवटी हसले. मग त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तक्त्यावरची शेवटची ओळ पुसून टाकली.

पुढच्या वर्षांत ते तक्ता वाचायचे आणि त्या ओळीपाशी आले की थांबायचे. लोकांनी त्यांचं नावच 'दोनशे दहा' पाडलं. "काय दोनशे दहा, तब्येत कशी आहे?" बाबा म्हणायचे, "चाललंय एकशे एक्याऐंशीने." सात महिन्यांपूर्वी त्यांना नेलं तेव्हाही मागे कोणीतरी हळूच म्हणालं, "दोनशे दहा गेले रे." त्यात चेष्टा नव्हती. तिने ते ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

आपण बरोबर होतो, याबद्दल मात्र तिला इतकी वर्षं कधी शंका आली नव्हती. सलत होती ती फक्त बोलण्याची तऱ्हा. बरोबर असूनही माणूस किती वाईट वागू शकतो, एवढाच तिचा स्वतःवर आरोप होता. आणि खरं सांगायचं तर त्या आरोपातही थोडा अभिमान होता.

मेळाव्याच्या आदल्या रविवारी सकाळी ती गॅरेजमध्ये गेली. डेंटिंगवाले काका गाडी पुसत होते. हे बाबांचे तीस वर्षांचे जोडीदार. पत्रा ठोकून सरळ करणं हे त्यांचं काम, आणि बोलणंही तसंच.

"आलीस? मला वाटलं, मास्तरीणबाई घरूनच आकडा पाठवतील."

"टायर नवे आहेत ना काका. घेर मोजून घेते."

"घे की." ते पुसत राहिले. जरा वेळाने म्हणाले, "फक्त टायरच मोजणार?"

"आणि काय मोजायचं?"

"मला काय विचारतेस? शिकलेली तू. मी पत्रे ठोकतो."

"काका, काय ते सरळ सांगा."

"सांगायचं नाही असं ठरलंय माझं." त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "पण गाडीखालच्या खड्ड्यात उतरायला कोणाची मनाई नाही. चाकावर खडूची रेघ मार. मधल्या दांड्यावर एक मार. मी गाडी ढकलतो, तू फेऱ्या मोज. पोरांना हेच शिकवतेस ना तू, मोजा म्हणून?"

ती खड्ड्यात उतरली. खाली जुन्या ऑइलचा वास भरून राहिला होता. डोक्यावर गाडीचं पोट. तिथे हवा अडू नये म्हणून बाबांनी पातळ पत्रा इतका चोख बसवला होता की जोड शोधावा लागत होता. मागच्या बाजूला तेवढा दांडा उघडा होता. इंजिनकडून मागच्या आसाकडे फिरणं नेणारा हाच दांडा. तिने खडूने रेघा मारल्या.

"ढकला."

गाडी हलली. चाकावरची रेघ सावकाश वर गेली, पलीकडून खाली आली. दांड्यावरची रेघ भराभर फिरली. एक, दोन, तीन, आणि मग अर्ध्याच्या थोडी पुढे. चाकाची एक फेरी पुरी झाली होती.

चार आणि वर जवळजवळ एक तृतीयांश व्हायला हव्या होत्या.

"काका, मागे घ्या. परत."

चार वेळा मोजलं. मग चाकाच्या दोन फेऱ्यांना मोजलं. सात, आणि वर पाचवा हिस्सा. भागिले दोन, तीन पूर्णांक सहा. हा भागाकार तिच्या वर्गातल्या कोणालाही तोंडी आला असता.

ती खड्ड्यातच उभी राहिली. चार पूर्णांक तीन हा आकडा तिने कंपनीच्या जुन्या माहितीपुस्तकातून घेतला होता. जी गाडी अकरा वर्षं स्क्रू न् स्क्रू बदलली जात होती, त्या गाडीचा आकडा तिने गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाच्या पुस्तकातून घेतला होता. बाबांनी मागच्या आसातले दाते बदलले असतील, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. एवढं मोठं काम मनात योजून कोणी करेल, ते बाबा करतील, असं तिने धरलंच नव्हतं. सात हजार भागिले तीन पूर्णांक सहा, गुणिले चाकाचा घेर, ताशी किलोमीटरमध्ये. दोनशे सोळा. दाते दोनशे सोळापर्यंत गाडीला अडवत नव्हते.

"केव्हा बदलले?" तिने खालूनच विचारलं.

"त्या मेळाव्याच्या आधी दोन वर्षं." काका खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले. "मी काही बोललो नाही हां. तू मोजलंस."

"मग त्यांनी तेव्हाच का नाही सांगितलं?"

"मी काय कमी भांडलो? येताना रस्ताभर त्याचं डोकं खाल्लं. म्हटलं, लेका, तोंड नव्हतं का तुला? सांगायचं ना, दाते बदललेत म्हणून! तर म्हणतो, 'तिच्या पोरी आल्या होत्या. त्यांच्यासमोर तिला कसं खोडू? घरी सांगीन सावकाश.'" काकांनी जमिनीवरचा एक नट उचलून उगाच खिशात टाकला. "नंतर विचारलं, सांगितलंस का? तर म्हणे, 'राहू दे आता. तुम्हीही कोणी बोलू नका.' म्हणून आम्ही सगळे गप्प."

"सगळे म्हणजे?"

"गॅरेजमधले सगळे."

म्हणजे चार वर्षं ती या गॅरेजमध्ये येत होती, सगळे हातातलं काम ठेवून 'या ताई' म्हणत होते, आणि त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिला कानाच्या पाळ्यांपर्यंत गरम झालं.

आणि मग तिला ती संध्याकाळ आठवली. मेळाव्यानंतर चार-पाच दिवसांनी बाबा घरी आले होते, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड घेऊन. ती टेबलावर पेपर तपासत होती. त्यांनी ते तिच्यासमोर ठेवलं आणि कागद सोडला. आत काळं, तेलकट, दात्यांचं मोठं चक्र होतं. "हे काढलेलं," ते म्हणाले होते, "बघ जरा." तिने वर न बघता म्हटलं होतं, "टेबलावर नको बाबा, डाग पडतील." ते म्हणाले, "हो, खरंच की." त्यांनी ते परत नीट गुंडाळलं, खाली टेकलेल्या जागी बाहीने पुसलं आणि घेऊन गेले. ती पुढचा पेपर तपासू लागली होती. त्यातल्या कुठल्याशा मुलाने उत्तराखाली एकक लिहिलं नव्हतं म्हणून तिने अर्धा गुण कापला, हेसुद्धा तिला आत्ता आठवलं.

घरी येऊन तिने सगळा हिशेब मुळापासून मांडला. दाते अडवत नसले तरी हवा अडवते. वेग वाढतो तशी लागणारी ताकद त्याच्या घनाने वाढते, वेग दुप्पट हवा तर ताकद आठपट. मूळ गाडी एकशे पाच अश्वशक्तीची, एकशे पंचाहत्तरने जाणारी. बाबांच्या इंजिनची, चाकं रोलरवर फिरवून मोजलेली ताकद एकशे ऐंशी. उत्तर आलं दोनशे नऊ. खालचा पत्रा धरला तर किंचित जास्त, चुका धरल्या तर चार-पाच इकडे तिकडे. बाबांनी हे कसं काढलं होतं कोण जाणे. कदाचित असंच काढलं असेल, कुठल्या तरी पाकिटामागे. त्यांना घनमूळ येत नसेल असं तिने कशावरून धरलं?

आई दारात उभी राहून बघत होती. "सवतीचा हिशेब?"

"आई, मी चुकले होते. बाबांचा आकडा बरोबर होता."

"असेल," आई म्हणाली. "तू वर्गात सांगतेस ना ती गोष्ट?"

सांगत होती. दरवर्षी, पहिल्याच आठवड्यात. अंदाज आणि हिशेब यांतला फरक समजावताना. मुलं खूप हसायची. आणि त्या गोष्टीत ती 'माझे वडील' असं म्हणत नसे. 'माझ्या ओळखीचे एक मेकॅनिक' असं म्हणत असे.

"आता नाही सांगणार," ती म्हणाली.

"सांग की. खरी सांग," आई म्हणाली आणि आत गेली.

मेळाव्याला ऊन चांगलं तापलं होतं. काकांनी गाडी आणून लावली. तिने तक्ता हातात घेतला, इंजिन वाचलं, ताकद वाचली. शेवटच्या ओळीपाशी आल्यावर गर्दीत जुनी माणसं गालात हसू लागलेली तिला दिसली.

"अंदाजे कमाल वेग, दोनशे दहा."

"कुठून काढला?" कोणीतरी सवयीने ओरडलं आणि चपापून गप्प झालं.

"बाबांनी काढला होता," ती म्हणाली. "चार वर्षांपूर्वी इथेच मी तो चुकीचा ठरवला. चूक माझी होती. मी पुस्तकातला आकडा घेतला, गाडीखाली बघितलं नाही. त्यांनी मागच्या आसातले दाते बदलून तीन पूर्णांक सहाचे बसवले होते. त्यांना माहीत होतं, आणि मला तोंडघशी पाडायचं नाही म्हणून ते बोलले नाहीत. तुम्ही त्यांना हसलात ते माझ्यामुळे."

सेक्रेटरींनी टाळी वाजवली आणि सगळं मैदान टाळ्या वाजवू लागलं. लोक पुढे आले. "याला म्हणतात शिक्षक!" "चूक कबूल करायला छाती लागते, ताई." "बापाचं नाव काढलंत." एका बाईंनी तिचा हात दोन्ही हातांत धरला, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ती मान हलवत राहिली. शब्दागणिक तिला जास्त लाज वाटत होती. बाबा बरोबर होते तेव्हा मैदान हसलं. ती चुकली तर तिला टाळ्या. ज्याचा तो मान होता तो माणूस नाही, आणि तो मान ती दोन्ही हातांनी घेत उभी होती, कारण नको म्हटलं असतं तर लोकांनी तिला आणखी मोठं केलं असतं.

इतक्यात गाडीच्या मागे गुडघे टेकून खाली वाकून बघणारे एक मिशाळ गृहस्थ उठले. त्यांना कौतुकाशी घेणंदेणं नव्हतं.

"अहो बाई, या गाडीला तीन पूर्णांक सहाचा दात्यांचा जोड कोणी बनवतच नाही. दुसऱ्या गाडीचा घेतला म्हणावं तर या आसाच्या हाउसिंगमध्ये, या लोखंडी पेटीत, तो बसत नाही. बसवला कसा त्यांनी?"

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"कुठल्या गाडीचा होता?"

"माहीत नाही."

"बोलले असतील की घरी. महिनोन्महिन्यांचं काम आहे हे."

"बोलले असते," ती म्हणाली. "मी विचारलं नाही."

यावर टाळ्या वाजवण्यासारखं काही नव्हतं. बाईंनी तिचा हात हळूच सोडला. मिशाळ गृहस्थ ओशाळून काकांकडे वळले. काकांनी तिच्याकडे पाहिलं, तिने मानेनेच हो म्हटलं, आणि मग ते घसा साफ करून सांगू लागले. जोड एका मालवाहू टेम्पोचा होता. हाउसिंग आतून कानसीने घासावं लागलं, रोज सकाळी गॅरेज उघडण्याआधी तासभर, केसाएवढं घासायचं आणि बसवून बघायचं. तीनदा सगळं खोलून परत जोडलं.

लोक काकांभोवती गोळा झाले. तिला पुढे जागा करून देत होते, पण ती मागेच उभी राहिली आणि सगळ्यांबरोबर ऐकू लागली.