पंपरूमचे दोन ड्रमर

कोकणातला माणूस एक वेळ स्वतःच्या लग्नाची तारीख विसरेल, पण गणपती कधी बसतात हे विसरायचा नाही, असं आपण धरून चालतो. सौरभ परबही तसंच धरून चालला होता. म्हणूनच मे महिन्यातल्या एका रविवारी, बोरीवलीच्या घरी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तिसरा अनारसा तोंडात कोंबताना त्याने आईला सहज विचारलं, "एवढे अनारसे कशाला गं? दिवाळी कुठे, आपण कुठे."

"जावयाक वाण देवचा आसा," शेवंतीबाई म्हणाल्या. "अधिक म्हयनो लागलो ना. आणि तेहतीस मोजून ठेवलेले, आता परत तळूचे लागतले मेल्या."

सौरभचा घास तिथेच अडकला. अधिक महिना, म्हणजे गणपती पुढे गेले. त्याने भिंतीवरचं कॅलेंडर भराभर उलटलं. चौदा सप्टेंबर, सोमवार, गणेश चतुर्थी. आणि एकोणीस सप्टेंबरला, शनिवारी, अंधेरीच्या हॉलमध्ये त्यांच्या बँडचा शो होता. सहा वर्षांनंतरचा पहिला.

"वाट लागली," तो म्हणाला.

"अनारसो कच्चो ऱ्हवलो काय?" आईने काळजीने विचारलं.

चूक अनयची होती. अनय बँडचा गिटारवाला, पोटापाण्यासाठी एका बँकेचं ॲप सांभाळायचा, आणि गणितात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गणपती दरवर्षी अकरा दिवस अलीकडे येतात, गेल्या वर्षी सत्तावीस ऑगस्टला आले, म्हणजे यंदा सोळाला. त्यानंतरचा पितृपक्षही दहा सप्टेंबरपर्यंत आटोपला. एकोणीस तारीख मोकळी! जानेवारीत त्याने हा हिशेब ग्रुपवर टाकला आणि बाकीच्या तीन शहाण्यांनी अंगठ्याची चित्रं टाकून मान्यता दिली. हॉलवाल्याने शनिवारची संध्याकाळ एका फोनवर कशी दिली, हा प्रश्न कुणाच्याही डोक्यात आला नाही. सौरभने तर एक सोडून तीन अंगठे पाठवले होते. सहा वर्षं वाट बघितलेला माणूस पंचांग बघत नाही.

बँडचं नाव पंपरूम, कारण त्याचा जन्मच मुळी सौरभच्या सोसायटीच्या पंपरूममध्ये झालेला. सौरभचे वडील चंद्रप्रकाश परब तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि चावी त्यांच्याकडे असायची. पंपरूममध्ये कितीही बडवलं तरी शेजाऱ्यांची तक्रार येत नसे. अट एकच, संध्याकाळी सहाला पंप सुरू झाला की अर्धा तास गप्प बसायचं, कारण त्या घरघरीत शेजारी बसलेल्याचं बोलणंही ऐकू येत नसे. गाणारा धवल, गिटारवर अनय, बासवर गंधाली आणि ड्रमवर सौरभ. दहिसरपासून पार्ल्यापर्यंतच्या कॉलेजांत त्यांचं नाव होतं.

मग वीस साली टाळेबंदी आली, पंपरूमला कुलूप लागलं, आणि चौघांनी सहा महिन्यांचा ब्रेक घ्यायचं ठरवलं. त्या सहा महिन्यांची सहा वर्षं झाली. धवल लग्नांच्या हळदीत पिवळा कुर्ता घालून गाऊ लागला. अनयने झोप न येणाऱ्यांसाठी आठ-आठ तासांचं संगीत करून इंटरनेटवर टाकलं. ते लाखो लोकांनी ऐकलं म्हणतात, शेवटपर्यंत मात्र कुणीच नाही. गंधाली बालनाट्यांना संगीत देऊ लागली. सौरभ दिवसा लिफ्टच्या कंपनीत नोकरी करायचा आणि शनिवार-रविवारी डबलबारी भजनात पखवाज वाजवायचा. डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवा समोरासमोर बसून एकमेकांना गाण्यातून सवाल घालतात आणि लोक पहाटेपर्यंत टाळ्या पिटतात. तिथे सौरभला मान होता, नारळ-शाल होती, भजी तर होतीच. तरी पंपरूमच्या त्या स्टुलावर बसायची त्याची भूक काही भागली नव्हती.

आणि ते स्टूल, खरं सांगायचं तर, मुळात त्याचं नव्हतंच.

ते सुबोधचं होतं. सुबोध कर्णिक, मुलुंडचा, बँडचा पहिला ड्रमर. बारा वर्षांपूर्वी त्याची दातांच्या डॉक्टरकीची शेवटची परीक्षा आली आणि एका शोपुरतं कुणीतरी बसावं म्हणून सौरभला बसवलं. सौरभ तोवर भजनात पखवाज वाजवायचा, पण बँडसाठी नुसता चावी उघडून देणारा. त्या रात्री तो असा काही वाजवून गेला की उठायची इच्छाच मेली. परीक्षा संपल्यावर सुबोधचा फोन आला, शनिवारी येतोय म्हणून. सौरभने सांगितलं, "अरे, चावी नाही मिळाली, प्रॅक्टिस नाही." पुढच्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारीही तेच. चौथ्या शनिवारी फोन आलाच नाही. बाकीच्यांना त्याने सांगितलं, "सुबोध फोनच उचलत नाही." तिघांनी सुबोधला चार शिव्या घातल्या आणि विषय मिटला. सौरभच्या पोटात तो मिटला नाही. चांगला शो झाला की हमखास वर यायचा.

गणपतीला जायचं की नाही, हा प्रश्न परबांच्या घरात निघूच शकत नव्हता. गावचं घर पाच घरांच्या भावकीचं, दर पाच वर्षांनी एका घराकडे पाळी, आणि यंदाची पाळी यांची. तरी सौरभने वडिलांसमोर तारखेचा विषय काढून बघितला.

"गणपती काय तुमच्या हॉलवाल्याक इचारून येतलो?" चंद्रप्रकाश म्हणाले. मग गुडघ्यावर हात फिरवत जरा खालच्या आवाजात म्हणाले, "गणपतीवरची माटवी मी बांधीन रे. पण मूर्ती डोक्यावरसून आणूक तू व्हयो. माझे पाय आता ऱ्हवले नाय."

सौरभने तारखेचा विषय तिथेच सोडला.

पुढच्या शनिवारी चौघे पंपरूममध्ये जमले. हॉलवाला म्हणत होता, तारीख बदलायची तर थेट फेब्रुवारीत. तिकिटं निम्मी खपली होती. अनय मान खाली घालून गिटारच्या खुंट्या पिळत बसला होता.

"एका शोपुरतं कुणाला तरी बसवू ना यार," धवल म्हणाला. "त्यात काय एवढं?"

एका शोपुरतं. असं एका शोपुरतं बसलेला माणूस काय करतो, हे सौरभइतकं त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं.

"पण आपली बारा गाणी चार महिन्यांत बसवणारा आणायचा कुठून?" अनय म्हणाला. "अर्धी गाणी येणारा असा एकच आहे. सुबोध."

"तो?" गंधाली भडकली. "न सांगता टाकून गेला तो आपल्याला. मी नाही त्याच्या पाया पडणार."

"मी बोलतो त्याच्याशी," सौरभ घाईने म्हणाला. बाकीच्यांना वाटलं, काय मोठं मन आहे पोराचं. मन कसलं मोठं! दुसऱ्या कुणी फोन केला असता तर पहिल्या दोन वाक्यांत भांडं फुटलं असतं.

मुलुंडला सुबोधचा दवाखाना बाजारातल्या एका पहिल्या मजल्यावर होता. सौरभ जिना चढताना माफीची वाक्यं घोकत होता. सुबोध जाड झाला होता, केस विरळ झाले होते, हसणं तेच होतं. त्याने सौरभला पेशंटच्या खुर्चीतच बसवलं, वरचा दिवा चेहऱ्यावर आला, आणि त्या उजेडात घोकलेलं सगळं सौरभ विसरून गेला. त्याने फक्त कामाचं सांगितलं.

"एकच शो ना?" सुबोधने विचारलं.

"एकच."

"आमचा गणपती दीड दिवसाचा. मी मोकळाच आहे." सुबोधने दिवा जरा बाजूला सरकवला. "बाकीच्यांना चालणारे?"

"हो, म्हणजे... चालेल."

सौरभने पंपरूमची चावी काढून त्याच्या हातावर ठेवली आणि पळ काढला. जिना उतरताना त्याला स्वतःचीच चीड आली. एवढं लांब येऊन आपण फक्त ओझं वाढवून निघालो, असं त्याला वाटलं.

जुलै-ऑगस्टमध्ये तालमी झाल्या. सौरभ एकाही तालमीला फिरकला नाही. कधी 'ठाण्याला लिफ्ट अडकलीय', कधी 'भजनाची बारी आहे', असे मेसेज टाकत राहिला. ग्रुपवर धवल लिहायचा, 'सुबोध झकास वाजवतोय रे, टेन्शन नको घेऊस!' टेन्शन नेमकं त्याचंच होतं.

गणपतीत सौरभ गावाला गेला. मूर्ती डोक्यावरून आणली, आरतीला पखवाज बडवला, बेचाळीस माणसांच्या पंगतीला वाढलं. शोच्या संध्याकाळी तो घरामागच्या टेकाडावर चढला, कारण नेटवर्क तिथेच यायचं. धवलच्या बायकोने पाठवलेला व्हिडिओ अकरा सेकंद चालला आणि अडकला. अडकलेल्या चित्रात सुबोध डोळे मिटून तोंडभर हसत होता. सौरभला मत्सर वाटला, मग मत्सराची लाज वाटली, आणि दोन्ही घेऊन तो आरतीला खाली आला.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी ग्रुपवर निरोप होता, डिसेंबरमध्ये मुलुंडला शो मिळतोय, पाचला पंपरूम. सौरभ मुद्दाम उशिरा गेला, सहाला पाच मिनिटं कमी असताना. सगळे आले होते. सुबोध स्टुलावर होता, पण वाजवत नव्हता, काठ्या पिशवीत भरत होता.

"ये ये. घे बाबा तुझी जागा," सुबोध म्हणाला. "मी चावी द्यायला आलो होतो."

एवढ्या सहज. बारा वर्षांपूर्वी हेच एक वाक्य सौरभच्या तोंडून निघालं असतं तर! तो दारातच थांबला. मग जे तोंडून बाहेर पडलं ते त्याला थांबवता आलं नाही.

"सुबोध तुम्हाला टाकून गेला नव्हता," तो बाकीच्यांकडे बघून म्हणाला. "त्याचा फोन यायचा. मीच सांगायचो प्रॅक्टिस नाही म्हणून. तीन वेळा खोटं बोललो. मला उठायचं नव्हतं इथून."

गंधालीने तोंड उघडलं आणि नेमका त्याच क्षणी पंप सुरू झाला.

त्या घरघरीत अर्धा तास काढणं म्हणजे काय, हे ज्याने काढला त्यालाच ठाऊक. कुणाला बोलता येईना, बाहेर पडायचंही सुचेना. गंधाली त्याच्याकडे डोळे वटारून बघत होती. धवल छताकडे बघत होता. अनयने एकदा हातवारे करून चहा हवा का विचारलं. सौरभ सगळ्यांच्या नजरा झेलत भिंतीला टेकून उभा राहिला. गंमत अशी की त्याला हलकं वाटत होतं.

साडेसहाला पंप बंद झाला.

"बारा वर्षं!" गंधाली फुटली. "बारा वर्षं मी ह्याला शिव्या घातल्या रे! तालमीतही धड बोलले नाही ह्याच्याशी. लाज नाही वाटली तुला?"

"वाटली," सौरभ म्हणाला. "रोज नाही. पण वाटली."

"मला माहीत होतं," सुबोध म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"तिसऱ्या शनिवारी मी फोन करून तसाच निघालो होतो. वाटलं, चावी नसली तर बाहेर गप्पा मारू. आलो, तर आत गाणं चालू. दाराबाहेर उभा राहून ऐकलं." तो सौरभकडे बघून हसला. "हा माझ्यापेक्षा बरा वाजवत होता. तेच जास्त लागलं. दार वाजवायची हिंमत नाही झाली. दोन वर्षं डोकं फिरलेलं होतं माझं. नंतर दवाखाना, मुलगी, सगळंच सुरू झालं. जेव्हा तू जिना चढून आलास ना, तेव्हा वाटलं, आता बोलेल. नाही बोललास. म्हटलं, बोलेल कधीतरी."

"सॉरी," सौरभ म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

"असू दे. पण एक मागतो," सुबोध म्हणाला. "अख्खा शो मला झेपत नाही आता, त्या रात्रीनंतर चार दिवस पाठ धरली होती. डिसेंबरला तूच बस. फक्त ते 'उलटी टाकी' गाणं मला दे. त्याचा ठेका मी बसवलेला आहे."

ही गोष्ट खरी होती. त्या ठेक्यासाठी सौरभला आजवर सर्वांत जास्त शाबासकी मिळाली होती, आणि ती त्याने गुपचूप घेतली होती.

"घे," तो म्हणाला. "आत्ताच घे."

गंधाली अजून फणफणत होती, पण बास तिने गळ्यात अडकवला. "तुझं मी नंतर बघते," ती सौरभला म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून त्याला कळलं की ती खरंच बघणार आहे. सुबोधने पिशवीतून काठ्या काढल्या. सौरभ काय करावं न कळून बाजूला सरकत सरकत तिघांच्या समोर, दाराजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसला. सुबोधने चार मोजले.

ड्रमर कायम मागे बसतो. त्याला दिसतात त्या पाठी, आणि ऐकू येतो तो स्वतःचाच दणका. धवल गाताना डावा डोळा बारीक करतो, अनय ओठांनी गिटारचे सूर पुटपुटतो, गंधाली अवघड जागा पार झाली की स्वतःशीच मान डोलावते, यातलं काही सौरभला त्या स्टुलावरून कधी दिसलं नव्हतं. बारा वर्षांत पहिल्यांदा तो आपला बँड समोरून ऐकत होता. फार छान वाजवत होते सगळे.